तुरुंगातले व्यसनोपचार : अमेरिकेत खर्च कोण उचलतो?

अमेरिकेतल्या तुरुंगांत कोणत्याही दिवशी सुमारे १९ लाख माणसे बंद असतात. केंद्रीय न्याय खात्याच्या सांख्यिकी विभागाने २००७ ते २००९ या काळात केलेल्या पाहणीत राज्यांच्या तुरुंगांतले ५८ टक्के कैदी आणि स्थानिक जेलांतले शिक्षा झालेले ६३ टक्के कैदी अमली पदार्थांच्या व्यसनाच्या किंवा गैरवापराच्या वैद्यकीय निकषांत बसत होते. बाहेरच्या प्रौढ लोकसंख्येत हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास होते. एकाच आजाराचे इतके रुग्ण दुसऱ्या कोणत्याही सरकारी व्यवस्थेच्या ताब्यात नाहीत. तरीही त्यांच्या उपचाराचा पैसा कोणी द्यायचा, हा प्रश्न त्या देशात निदान साठ वर्षे लोंबकळत आहे. औषधे ठाऊक होती, त्यांचा गुणही दिसला होता. पैसा मात्र तुरुंगाच्या फाटकाशी येऊन थांबत राहिला, आणि माणसे मरत होती ती नेमकी त्या फाटकाबाहेर पडल्यावर.

तिथली तुरुंगव्यवस्था एका मालकाची नाही. येरवड्यासारख्या मध्यवर्ती कारागृहात कच्चे आणि पक्के कैदी एकाच तटबंदीच्या आत असतात आणि सगळा खर्च राज्याचा गृह विभाग करतो. अमेरिकेत बहुतेक राज्यांमध्ये कच्चे कैदी आणि वर्षाच्या आतली शिक्षा झालेले लोक काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्यासारख्या स्थानिक घटकाच्या, जेलात राहतात. अशी जेले सुमारे तीन हजार आहेत, बहुतेक ठिकाणी ती निवडून आलेल्या शेरीफच्या हाताखाली चालतात आणि खर्च काउंटीच्या तिजोरीतून होतो. वर्षाहून मोठी शिक्षा झाली की माणूस राज्याच्या तुरुंगात जातो, तिथे पैसा राज्याच्या अर्थसंकल्पातून येतो. केंद्रीय गुन्ह्यांतले दीडेक लाख कैदी केंद्राच्या तुरुंग विभागाकडे असतात. जेलांत माणसांची ये-जा प्रचंड असते. २०२२ मध्ये जेलप्रवेशाच्या ७० लाखांहून अधिक नोंदी झाल्या आणि सरासरी मुक्काम महिनाभराचा होता. फेंटानिल या अफूवर्गीय नशेच्या आहारी गेलेला एकच तरुण वर्षभरात जेल, तुरुंग आणि रस्ता असा फिरतो, तेव्हा त्याच्या आजाराची जबाबदारी तीन वेगवेगळ्या तिजोऱ्यांकडे जाते आणि प्रत्येक तिजोरी पुढच्याकडे बोट दाखवते.

या भानगडीचे मूळ १९६५ च्या कायद्यात आहे. गरिबांसाठीची मेडिकेड ही आरोग्य योजना त्याच कायद्याने सुरू झाली. तिचा खर्च केंद्र आणि राज्य मिळून करतात. पण सार्वजनिक संस्थेत बंदी असलेल्या माणसासाठी केंद्राचा पैसा मिळणार नाही, असे कलम त्यातच घातले गेले. राज्ये आणि काउंट्या हा खर्च आधीपासून करत होत्या, तो केंद्राने का उचलावा, असा त्यामागचा विचार होता. अपवाद एकच ठेवला : कैद्याला बाहेरच्या रुग्णालयात चोवीस तासांहून अधिक काळ दाखल करावे लागले, तर तिथले बिल मेडिकेड देऊ शकते. पुढे १९७६ मध्ये टेक्सासमधल्या एका कैद्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणे ही राज्यघटनेने निषिद्ध ठरवलेली क्रूर शिक्षा आहे. उपचाराचा घटनात्मक हक्क असा पक्का झाला, पण त्याचे पैसे देणारा कायद्याने दूरच ठेवलेला होता. ओव्हरडोस होऊन अतिदक्षता विभागात पोहोचलेल्या कैद्याच्या खाटेसाठी केंद्राचा पैसा उपलब्ध होतो; ती वेळ येऊ नये म्हणून जेलात रोज द्यायच्या गोळीसाठी होत नाही. सार्वजनिक पैसा खर्च करण्याची याहून उफराटी रीत शोधून सापडणार नाही.

केंद्र सरकारने त्याआधी एक मोठा प्रयोग करून पाहिला होता. १९१४ च्या हॅरिसन कायद्यानंतर केंद्रीय तुरुंग अफू आणि मॉर्फिनच्या व्यसनींनी भरू लागले, तेव्हा १९२९ मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, त्यांच्यासाठी वेगळ्या संस्था उभारण्याचा कायदा केला. केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनला १९३५ मध्ये आणि टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला १९३८ मध्ये त्या सुरू झाल्या. लेक्सिंग्टनला शिक्षा झालेले कैदी आणि स्वतःहून आलेले रुग्ण एकत्र राहत, शेतीकाम करत, आणि सगळा कारभार सार्वजनिक आरोग्य सेवेच्या डॉक्टरांकडे होता. व्यसनाच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया तिथेच घातला गेला. रुग्णांचे मात्र फारसे भले झाले नाही. माणूस आपल्या शहरात परतला की त्याला विचारणारे कोणी नसे, आणि बहुतेक जण पुन्हा नशेकडे वळत. सुटकेनंतरच्या काळासाठी पैसा नसला तर आतला खर्च वाया जातो, हा धडा लेक्सिंग्टनने चांगला घसघशीत दिला होता. १९७४ मध्ये ती संस्था तुरुंग विभागाच्या हवाली झाली.

हेरॉइनची ओढ आटोक्यात ठेवणाऱ्या मेथाडोन या औषधाचा उपचार न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मारी निस्वॅंडर यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यावर सिद्ध केला. डोल यांनी १९६९ मध्ये तुरुंगातून सुटणाऱ्या हेरॉइनच्या व्यसनींवर छोटासा प्रयोगही केला. सुटकेपूर्वी ज्यांना मेथाडोन सुरू केले ते बरेचसे सावरले, ज्यांना दिले नाही ते जवळजवळ सगळे पुन्हा हेरॉइनकडे आणि तुरुंगाकडे गेले. न्यूयॉर्कच्या रायकर्स बेटावरच्या जेलात १९८७ पासून मेथाडोन मिळू लागले. बाकी देशाने ते उचलले नाही. एक नशा काढून दुसरी द्यायची, असाच त्या औषधाकडे पाहण्याचा तुरुंगाधिकाऱ्यांचा दृष्टिकोन होता, आणि ज्याच्यावर विश्वास नाही त्यासाठी कोणी पैसे मागत नाही.

पैसा आला तो वेगळ्या उपचारासाठी. १९९४ च्या गुन्हेगारीविरोधी कायद्यात राज्यांच्या तुरुंगांतल्या निवासी व्यसनमुक्ती कार्यक्रमांना केंद्रीय अनुदान देण्याची तरतूद झाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून हे अनुदान ‘आरसॅट’ म्हणून ओळखले जाते. कैद्यांची वेगळी बराक, सहा ते बारा महिन्यांचा गट-उपचार, नियमित लघवी तपासणी, आणि खर्चाचा चौथा हिस्सा राज्याचा, असे त्याचे स्वरूप होते. औषधांपेक्षा भर सामूहिक शिस्तीवर आणि समुपदेशनावर. सुरुवातीच्या नियमांप्रमाणे हा पैसा सुटकेनंतरच्या उपचारावर खर्च करता येत नव्हता. लेक्सिंग्टनचा धडा इतक्या लवकर विसरला गेला. शिवाय रक्कम दरवर्षी काँग्रेसच्या मर्जीवर. नव्वदीच्या अखेरीस साधारण ६ कोटी डॉलर असलेली तरतूद पुढच्या दशकाच्या मध्यावर अगदी थोडक्यावर आली, मग पुन्हा हळूहळू वाढली. व्यसन हा वर्षानुवर्षे सांभाळायचा आजार आहे. त्याच्या उपचाराला दर वर्षी नव्याने मंजूर होणारे अनुदान पुरे पडत नाही; समुपदेशक टिकत नाहीत आणि बराक केव्हा बंद होईल, हे कोणाला सांगता येत नाही.

नुसता पैसा असून भागत नाही, हे कॅलिफोर्नियाने दाखवले. तिथल्या महानिरीक्षकांनी फेब्रुवारी २००७ मध्ये दिलेल्या अहवालात म्हटले की, १९८९ पासून राज्याने तुरुंगांतल्या आणि सुटकेनंतरच्या व्यसनमुक्ती कार्यक्रमांवर १०० कोटी डॉलरहून अधिक खर्च केला आणि तुरुंगाच्या आतल्या कार्यक्रमांचा पैसा पाण्यात गेला. कारणे तपशीलवार दिली होती. उपचारातल्या कैद्यांना इतरांपासून वेगळे ठेवायचे हे मूळ तत्त्व पाळलेच जात नव्हते. मारामारी झाली की बराकी कुलूपबंद होत आणि दिवसेंदिवस गट भरत नसे. ठेकेदार संस्थांवर देखरेख नव्हती. सुटकेनंतरचा उपचार ज्यांनी पुरा केला त्यांचे परत तुरुंगात येणे कमी होते, पण तिथवर पोहोचणारे थोडे होते. या अहवालावरून कोणी ‘तुरुंगात उपचार चालत नाहीत’ असा निष्कर्ष काढला तर तो चुकीचा ठरेल. साखळीतली एक कडी विकत घेतली आणि दुसरी घेतली नाही, तर काय होते एवढेच त्यातून कळते.

त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या अभ्यासाने चर्चेचा रोख बदलला. वॉशिंग्टन राज्याच्या तुरुंगांतून १९९९ ते २००३ या काळात सुटलेल्या तीस हजारांवर लोकांचा पाठपुरावा संशोधकांनी केला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत या लोकांचा ओव्हरडोसने मरण्याचा धोका राज्यातल्या इतर रहिवाशांच्या १२९ पट होता. याचे कारण शरीरात आहे. आत असताना अमली पदार्थ मिळत नाही किंवा फार कमी मिळतो आणि शरीराची तो पचवण्याची सवय मोडते. ओढ मात्र तशीच राहते. बाहेर पडल्यावर माणूस पूर्वीच्याच मात्रेकडे जातो आणि तेवढ्याने श्वास बंद पडतो. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन हे तशाच कामाचे औषध सुरू असेल तर ओढ आटोक्यात राहते आणि शरीराची सहनशक्तीही पूर्ण जात नाही. म्हणून सुटकेच्या आधीचे काही आठवडे आणि नंतरचे काही महिने हा खर्चाचा खरा काळ ठरतो, आणि प्रत्येक तिजोरीची हद्द नेमकी त्याच्या मधोमध संपते.

ऱ्होड आयलंड या सर्वांत लहान राज्यात ही अडचण मुळातच कमी होती. तिथे काउंटी जेले नाहीत. कच्चे आणि पक्के सगळे कैदी क्रॅन्स्टन शहरातल्या एकाच संकुलात राज्य सरकारच्या ताब्यात असतात. २०१६ मध्ये राज्यपाल जीना रायमोंडो यांच्या सरकारने त्यांच्यासाठी वर्षाला २० लाख डॉलरची तरतूद केली. आत येणाऱ्या प्रत्येकाची तपासणी, आधीपासून औषध चालू असेल तर ते तसेच चालू ठेवायचे, आणि गरजेप्रमाणे मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन किंवा नाल्ट्रेक्सोन यांतले कोणतेही द्यायचे, असा कार्यक्रम आखला गेला. काम कोडॅक या ना-नफा संस्थेकडे दिले. राज्यात या संस्थेचे स्वतःचे दवाखाने असल्याने सुटलेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच संस्थेच्या दारात औषधासाठी उभा राहू शकत होता. २०१६ च्या पहिल्या सहामाहीत राज्यात ओव्हरडोसने मेलेल्या १७९ जणांपैकी २६ जण नुकतेच तुरुंगातून सुटलेले होते. २०१७ च्या त्याच काळात १५७ पैकी ९. एकूण मृत्यूंतला सुटलेल्यांचा वाटा ६१ टक्क्यांनी घटला. आकडे लहान आहेत, तुलना दोन सहामाह्यांची आहे आणि त्या काळात राज्यात इतर उपायही चालू होते, हे ध्यानात ठेवले तरी इतका उतार सहज येत नाही. २० लाख डॉलर ही अमेरिकी सरकारी हिशेबात किरकोळ रक्कम आहे. ती परिणामकारक ठरली, कारण पैसा एकाच हातातून फाटकाच्या दोन्ही बाजूंना पोहोचला.

हा पैसा जातो कशावर, हे जवळून पाहण्यासारखे आहे. ब्युप्रेनॉर्फिनची साधी जेनेरिक गोळी स्वस्त असते. ती जिभेखाली विरघळायला पाच-दहा मिनिटे लागतात. तेवढा वेळ कैद्यांचा गट बाकावर हात मांडीवर ठेवून बसतो, परिचारिका पाहत असते, पहारेकरी पाहत असतो. मग पाणी प्यायला देतात, तोंड उघडायला लावून जीभ वर करून तपासतात, कारण गोळी गालात दडवून बराकीत विकली जाण्याची भीती असते. काही ठिकाणी ती कुटून देतात. शंभर कैदी असतील तर सकाळचे दोन-तीन तास यातच जातात. त्यामुळे बिलातला मोठा आकडा औषधाचा नसून पहारेकऱ्यांच्या आणि परिचारिकांच्या पगाराचा असतो. महिन्यातून एकदा टोचायचे लांब परिणामाचे ब्युप्रेनॉर्फिन हा वेळ वाचवते, पण त्याच्या एका इंजेक्शनला हजार डॉलरच्या वर मोजावे लागतात. मेथाडोन सर्वांत स्वस्त. त्याला मात्र केंद्रीय परवाना असलेले केंद्रच लागते. जेलाने स्वतः तो परवाना काढायचा, नाहीतर रोज बाहेरच्या केंद्रातून कुलूपबंद पेटीत औषध आणवायचे. नाल्ट्रेक्सोनच्या महिनाभर टिकणाऱ्या इंजेक्शनचीही किंमत हजार डॉलरच्या पुढे आहे. त्यात अफूवर्गातले काही नसल्याने शेरीफ आणि न्यायाधीशांना ते पसंत पडले, आणि कंपनीने अनेक जेलांना सुटकेपूर्वीची पहिली इंजेक्शने मोफत पुरवली; पुढची बिले बाहेर मेडिकेडवर पडत. औषधाची निवड रुग्णाच्या गरजेवर ठरायला हवी, ती कशाला कोण पैसे देतो यावर ठरू लागली. रुग्णाचे यात सरळ नुकसान आहे.

काउंटी जेलांची स्थिती सर्वांत बिकट. पुष्कळ काउंट्यांनी आरोग्यसेवा खासगी कंपन्यांना ठेक्याने दिली आहे, तीही बऱ्याचदा ठरावीक रकमेवर. अशा करारात प्रत्येक जादा रुग्ण कंपनीच्या नफ्यातून वजा होतो. कोरायझन आणि वेलपाथ या धंद्यातल्या दोन मोठ्या कंपन्यांवर २०२३ आणि २०२४ मध्ये दिवाळखोरीचे अर्ज करण्याची वेळ आली, यावरून त्या व्यवस्थेची प्रकृती कळते. औषधे देण्याचा दबाव आला तो न्यायालयांतून. मॅसॅच्युसेट्समधल्या एसेक्स काउंटीत २०१८ मध्ये आणि मेनमधल्या अरूस्टुक काउंटीत २०१९ मध्ये, आधीपासून औषध घेत असलेल्या माणसाचे औषध जेलात तोडता येणार नाही, असे आदेश झाले. आधार अपंगांच्या हक्कांच्या कायद्याचा होता. केंद्रीय न्याय खात्याने एप्रिल २०२२ मध्ये याच अर्थाचे मार्गदर्शन काढले. जबाबदारी पक्की झाली, तिच्या मागे निधी आला नाही. देशभरातल्या १,०२८ जेलांच्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ४४ टक्के जेले कोणाला ना कोणाला यातले एखादे औषध देत होती. गरज असलेल्या प्रत्येकाला देणारी जेमतेम १३ टक्के. न देण्याचे सर्वाधिक सांगितलेले कारण म्हणजे परवानाधारक कर्मचारी नाहीत.

मॅसॅच्युसेट्सने २०१८ मध्ये कायदा करून काही काउंट्यांत तिन्ही औषधांचा पथदर्शी कार्यक्रम सुरू केला. त्याच राज्यातल्या फ्रँकलिन आणि हॅम्पशायर या शेजारशेजारच्या ग्रामीण काउंट्यांत वेगळीच तुलना आपोआप घडून आली होती, कारण फ्रँकलिनच्या जेलाने ब्युप्रेनॉर्फिन द्यायला बऱ्याच आधी, आणि हॅम्पशायरने उशिरा सुरुवात केली. त्या मधल्या वर्षांत सुटलेल्यांपैकी फ्रँकलिनचे सुमारे ४८ टक्के, तर हॅम्पशायरचे सुमारे ६३ टक्के पुन्हा कायद्याच्या कचाट्यात सापडले. व्यसनोपचारावरच्या एका डॉलरमागे गुन्हे, खटले आणि चोऱ्यांवरचे चार ते सात डॉलर वाचतात, असा राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्थेचा बऱ्याच वर्षांचा अंदाज आहे. पण ही बचत शेरीफच्या वहीत दिसत नाही. ती रुग्णालयाच्या, राज्याच्या तुरुंगाच्या आणि ज्या घरात चोरी झाली नाही त्या घराच्या खात्यात जमा होते. खर्च करणारा आणि वाचवणारा वेगळा असेल, तर स्थानिक पातळीवर कितीही समजूतदार माणूस बसला तरी तो हात आखडता घेणारच.

यावरचा सर्वांत मोलाचा उपाय मेडिकेडमध्येच सापडला आहे. ऑक्टोबर २०१८ च्या एका केंद्रीय कायद्याने सुटकेच्या आधीच्या काळात सवलत देण्याचे नियम करायला मेडिकेडच्या प्रशासनाला सांगितले. जानेवारी २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाला पहिली मंजुरी मिळाली, एप्रिलमध्ये सर्व राज्यांसाठी मार्गदर्शन आले, आणि दोन वर्षांत दीड डझनाहून अधिक राज्यांना परवानगी मिळाली. सुटकेपूर्वीच्या ९० दिवसांपर्यंत केंद्राचा पैसा भिंतीच्या आत येऊ शकतो. त्याबदल्यात तीन गोष्टी द्याव्याच लागतात : रुग्णाची बाहेरच्या दवाखान्याशी गाठ घालून देणारा कार्यकर्ता, व्यसनावरची औषधे समुपदेशनासह, आणि बाहेर पडताना हातात महिन्याभराचे औषध. शेवटची अट कागदावर साधी दिसते, पण जेलातून सुटका पुष्कळदा रात्री उशिरा होते, तेव्हा औषधाची दुकाने बंद असतात, आणि सकाळपर्यंतचा वेळ हाच घात करतो. आतल्या ज्या खर्चाची जागा मेडिकेडने घेतली तो वाचलेला पैसा राज्याने सुटणाऱ्यांच्या सेवांवरच पुन्हा लावावा, अशीही अट आहे. ती नसती तर कित्येक अर्थमंत्र्यांनी तो रस्त्यांकडे वळवला असता.

अंमल मात्र जिकिरीचा आहे. ज्या जेलाने आयुष्यात विमा कंपनीला बिल पाठवलेले नाही, त्याला मेडिकेडचा नोंदणीकृत सेवादाता व्हावे लागते, संगणकीय वैद्यकीय नोंदी ठेवाव्या लागतात, औषध विभाग उभारावा लागतो. कच्च्या कैद्याला जामीन कधी मिळेल हे न्यायालयालाही आधी माहीत नसते, मग सुटकेआधीचे ९० दिवस मोजायचे कुठून? म्हणून कॅलिफोर्नियाने जेलात पाऊल पडताच सेवा सुरू करण्याची आखणी केली, आणि या तयारीसाठी काउंट्यांना व तुरुंगांना ४० कोटी डॉलरच्या आसपास रक्कम दिली. तरीही पहिल्या तीन काउंट्या ऑक्टोबर २०२४ मध्येच सुरू होऊ शकल्या.

उभारणीच्या अशा एकरकमी खर्चासाठी सध्या दुसरा मोठा झरा आहे, तो औषध कंपन्यांच्या तडजोडींचा. वेदनाशामक अफूवर्गीय औषधांच्या बेफाम विक्रीबद्दल झालेल्या खटल्यांतून राज्यांना आणि काउंट्यांना एकूण ५,००० कोटी डॉलरहून अधिक मिळायचे आहेत. त्यांतले २,६०० कोटी जॉन्सन अँड जॉन्सन आणि तीन मोठ्या वितरकांकडून, आणि वितरकांचे हप्ते १८ वर्षे चालणार आहेत. या तडजोडीच्या खर्चयादीत कैद्यांचे उपचार हे अग्रक्रमाचे काम म्हणून नोंदलेले आहे. प्रत्यक्षात काही ठिकाणी यातून गस्तीच्या गाड्या आणि कैद्यांच्या झडतीची स्कॅनर यंत्रे घेतली गेली. १९९८ मध्ये तंबाखू कंपन्यांशी झालेल्या तडजोडीतला पैसाही असाच बहुतांश राज्यांच्या सर्वसाधारण खर्चात विरला होता. मेलेल्या माणसांच्या नावाने आलेला पैसा त्याच आजाराच्या जिवंत रुग्णांपर्यंत पोहोचत नसेल, तर तो अन्याय आहे, आणि त्यावर नजर ठेवण्याचे काम स्थानिक वृत्तपत्रे व मृतांच्या आप्तांच्या संघटना करत आहेत. उपचाराचा रोजचा खर्च हप्त्यांवर चालवणे मात्र कोणत्याही काउंटीला परवडणारे नाही. हप्ते संपतील तेव्हा रुग्ण संपलेले नसतील.

केंद्रीय तुरुंगांचा प्रश्न तुलनेने सोपा, कारण तिथे पैसा आणि ताबा एकाच सरकारचा. नऊ-दहा महिन्यांचा निवासी कार्यक्रम पुरा करणाऱ्या अहिंसक गुन्ह्यांतल्या कैद्यांना शिक्षेत वर्षापर्यंत सूट देण्याची सोय १९९४ पासून आहे. औषधोपचार वाढवण्याचे बंधन २०१८ च्या तुरुंग-सुधारणा कायद्याने घातले.

पुढची वाट अवघड दिसते. तुरुंगात जाताच मेडिकेडचे नाव कायमचे कापायचे आणि सुटल्यावर नव्याने अर्ज करायला लावायचा, ही अनेक राज्यांतली पद्धत २०२४ च्या कायद्याने जानेवारी २०२६ पासून बंद केली. नाव आता फक्त तहकूब ठेवता येते. पण जुलै २०२५ च्या कायद्याने मेडिकेडवरचा केंद्राचा खर्च दहा वर्षांत मोठ्या प्रमाणावर घटवायचे ठरवले आहे आणि २०२७ पासून, योजनेची व्याप्ती वाढवल्यामुळे तिच्यात आलेल्या प्रौढ लाभार्थ्यांना महिन्याला ८० तासांच्या कामाचा पुरावा मागितला आहे. नुकत्याच सुटलेल्यांना त्यात तीन महिन्यांची सूट आहे. व्यसनग्रस्तांनाही आहे, पण तसे कागद दाखवावे लागतील, आणि तुरुंगातून आलेल्या माणसाकडे पुष्कळदा ओळखपत्रसुद्धा नसते. शिवाय टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया धरून दहा राज्यांनी मेडिकेडची व्याप्ती गरीब प्रौढांपर्यंत अजून वाढवलेलीच नाही. तिथे सुटणाऱ्या धडधाकट तरुणाला मेडिकेड सहसा मिळत नाही, त्यामुळे ९० दिवसांची सवलत त्याच्या कामाची नाही. त्याच्यासाठी शेरीफच्या हातात उरते ती काउंटीची तिजोरी, वर्षावर्षाचे अनुदान आणि औषध कंपन्यांचा हप्ता.